शाळेबाहेरचे मूल आणि शाळेचे मैदान

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांस विषयाचे कोणतेही बंधन घातले नाही. इतिहासाच्या शिक्षकाने संस्थेच्या वाटचालीवर लिहावे, हे रीतीला धरून झाले असते. परंतु ती वाटचाल आमच्याहून अधिक जवळून पाहिलेले सहकारी याच अंकात लिहीत आहेत. आम्ही येथे एक प्रश्न मांडणार आहोत. तो आमच्याकडे फार दुरून आला; परंतु त्यावर विचार करता करता तो आमच्याच मैदानाच्या कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

या विद्यालयातून दहावी झालेला आमचा एक विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेतील टेक्सास राज्यात राहतो. १४ एप्रिलला त्याचा फोन चुकत नाही. २०२२ सालच्या फोनमध्ये ‘जय भीम, सर’ म्हणून तब्येतीची विचारपूस झाल्यावर तो म्हणाला, “सर, एका बाबतीत तुमचं मत हवं आहे.” त्याची कन्या तेथील सरकारी शाळेत शिकते आणि शाळेच्या व्हॉलीबॉल संघात खेळते. जी मुले शाळेत नाव न घालता घरीच शिकतात, त्यांना शाळेच्या संघांत खेळू द्यावे की नाही, यावर तेथील शाळा मंडळापुढे वाद चालला होता. पालकांत दोन तट पडले होते. “सर, कोर्टवर सहाच जणी उतरतात. जी मुलगी दिवसभर शाळेत बसत नाही, तिनं संध्याकाळी येऊन माझ्या मुलीची जागा घ्यायची का, असं आमची ही विचारते. मला ते पटतं, आणि पटतही नाही. तुम्ही काय म्हणाल?”

आम्ही म्हणालो, “अरे, वाचून सांगतो.” तो हसून म्हणाला, “वर्गातसुद्धा तुम्ही हेच म्हणायचात.” प्रस्तुत लेख म्हणजे त्यास उशिरा दिलेले उत्तर होय.

आपल्याकडील वाचकास प्रथम हा प्रश्न कशाचा आहे ते सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत मुलांना शाळेत न घालता घरी आईवडिलांनीच शिकविण्याची पद्धत पुष्कळ रूढ झाली आहे. तिला होमस्कूलिंग म्हणतात. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात जॉन होल्ट यांच्यासारख्या शिक्षणचिंतकांनी, शाळा मुलांची जिज्ञासा मारते, अशी टीका करून या विचारास चालना दिली. पुढे ऐंशीच्या दशकात धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबे फार मोठ्या संख्येने या वाटेने गेली; त्यांना सरकारी शाळेतील शिक्षण धर्मविन्मुख वाटत होते. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत हे शिक्षण कायदेशीर ठरले. तेथील राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राच्या अंदाजानुसार १९९९ मध्ये अशी मुले साडेआठ लाख होती. २०१६ मध्ये ती सुमारे सतरा लाखांवर गेली.

घरी गणित शिकता येते, व्याकरण शिकता येते. परंतु घरी कबड्डी खेळता येत नाही. बँडपथक, नाटक, वादविवाद आणि सांघिक खेळ यांना दुसरी मुले लागतात. अमेरिकेत गावागावांतील खेळ शाळेच्या संघांभोवतीच उभा असतो. महाविद्यालयाच्या क्रीडा शिष्यवृत्त्यांची वाटही बहुधा तेथूनच जाते. तेव्हा घरी शिकणाऱ्या मुलांचे पालक म्हणू लागले की, वर्ग आम्हांस नको, परंतु मैदान हवे.

फ्लॉरिडा राज्याने १९९६ मध्ये या मागणीस कायद्याने मान्यता दिली. त्याच राज्यात टिम टिबो नावाचा घरी शिकलेला मुलगा एका सरकारी शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघातून खेळला. पुढे विद्यापीठात असताना २००७ मध्ये त्याला त्या खेळातील सर्वांत मानाचा हाइझमन चषक मिळाला. तेव्हापासून निरनिराळ्या राज्यांत आलेल्या अशा विधेयकांना ‘टिबो कायदा’ म्हणण्याचा प्रघात पडला. आज अर्ध्याहून अधिक राज्यांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अशी मुभा आहे. टेक्सासने २०२१ मध्ये कायदा करून हा निर्णय प्रत्येक शालेय जिल्ह्याच्या मंडळावर सोपविला. आमच्या विद्यार्थ्याच्या गावातील वाद त्यातूनच उद्भवला.

दोन्ही बाजूंचे म्हणणे आम्ही जमेल तितके निःपक्षपातीपणे मांडतो.

मुभा द्यावी असे म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा कराचा आहे. तेथील सरकारी शाळा मोठ्या प्रमाणावर स्थानिक मालमत्ता करावर चालतात. मूल घरी शिकत असले तरी त्याचे आईवडील तो कर भरतातच. ज्या मैदानाचा खर्च आम्ही देतो, तेथे आमच्या मुलास पाऊल ठेवण्याची बंदी का? दुसरा मुद्दा मुलाचा आहे. शाळेत न जाण्याचा निर्णय आईवडिलांनी घेतला. त्याची शिक्षा बारा वर्षांच्या मुलास का?

विरोधकांचे म्हणणेही पोकळ नाही. कर भरला म्हणून सार्वजनिक संस्थेचा हवा तेवढाच तुकडा उचलण्याचा हक्क मिळत नाही, असे ते म्हणतात. टेक्सासमध्ये शाळेला मिळणारे अनुदान विद्यार्थ्यांच्या हजेरीशी बांधलेले आहे. जो मुलगा हजेरीपटावर नाही, त्याच्यासाठी शाळेला त्या वेळी काहीही मिळत नव्हते. प्रशिक्षक, गणवेश आणि बस मात्र त्यालाही लागते. त्याहून कठीण प्रश्न गुणांचा आहे. त्या राज्यात १९८४ पासून ‘नापास तर खेळ बंद’ असा नियम आहे. शाळेतील मूल एका विषयात मागे पडले की त्याला काही आठवडे संघाबाहेर बसावे लागते. घरी शिकणाऱ्या मुलाचे गुण त्याची आईच देणार असेल, तर तो नापास कधी होणार? व्हर्जिनिया राज्याचे गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षे हे विधेयक नाकारले, त्यामागे मुख्य कारण हेच होते. वेस्ट व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये, कुस्ती खेळू इच्छिणाऱ्या घरी शिकणाऱ्या एका मुलाच्या प्रकरणात, शाळेच्या संघातून खेळणे हा घटनादत्त हक्क ठरत नाही, असाच निर्णय दिला.

येथपर्यंत वाचल्यावर आमचे मत जवळजवळ ठरले होते, आणि ते विरोधकांच्या बाजूचे होते. त्याचे कारण क्रीडाशास्त्रात नव्हते; ते इतिहासात होते. ते लपविण्याचे प्रयोजन नाही.

ज्या समाजातून आम्ही आलो, त्याला शाळेबाहेर राहण्याची हौस कधीच नव्हती. त्याला शाळेबाहेर ठेवले गेले होते. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर इतरांपासून दूर बसत होते आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज त्यांना ते मिळत नव्हते. त्याच बाबासाहेबांच्या पुढाकाराने बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास वसतिगृह चालविले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली. तिने १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय उभे केले. ज्या दारासाठी आमच्या पूर्वजांनी दोन पिढ्या खर्च केल्या, ते दार उघडे असताना कोणी त्याकडे पाठ फिरवितो, हे पाहून आमच्या मनात प्रथम राग उमटावा, यात नवल नाही.

अमेरिकेचा इतिहास वाचताना हा राग अधिकच वाढला. टेक्सासमध्ये शालेय स्पर्धा भरविणारी मध्यवर्ती संघटना १९१० मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांनुसार अनेक दशके केवळ गोऱ्यांच्या सरकारी शाळांनाच सभासदत्व मिळत असे. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांनी १९२० पासून आपली वेगळी संघटना चालविली. प्रेअरी व्ह्यू येथील महाविद्यालयाच्या नावाने ती ओळखली जाई. ती संघटना १९७० पर्यंत टिकली, म्हणजे शाळांतील वंशभेद अवैध ठरविणाऱ्या १९५४ च्या निकालानंतरही सोळा वर्षे. ज्या मैदानावर आज ‘आम्ही कर भरतो’ असा हक्क सांगितला जात आहे, त्याच मैदानाबाहेर एकेकाळी करही भरणारी आणि शाळेतही जाणारी मुले केवळ कातडीच्या रंगामुळे उभी होती.

व्हर्जिनियाची कथा तर प्रत्येक शिक्षकाने वाचावी अशी आहे. तेथील प्रिन्स एडवर्ड परगण्यातील कृष्णवर्णीय मुलांच्या गळक्या, अपुऱ्या शाळेत १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीने संप घडवून आणला. त्यातून उभा राहिलेला दावा १९५४ च्या ऐतिहासिक निकालात समाविष्ट झाला. न्यायालयाने गोऱ्या व काळ्या मुलांना एकत्र बसवा असे सांगितले; तेव्हा परगण्याने काय करावे? त्याने १९५९ मध्ये आपल्या सर्व सरकारी शाळांना कुलूप लावले. गोऱ्या मुलांसाठी खाजगी विद्यालय निघाले. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही परगावी नातेवाइकांकडे गेली, काही चर्चच्या तळघरांत शिकली आणि पुष्कळ मुले पाच वर्षे काहीच शिकली नाहीत. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कुलूप काढावयास लावले. शेजारच्या बाकावर अमुक एकाचे मूल नको, म्हणून शाळाच नको म्हणणारा समाज काय करू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

तेव्हा सरकारी शाळेकडे पाठ फिरविणाऱ्या प्रत्येकाकडे आम्ही याच चष्म्यातून पाहू लागलो. विद्यार्थ्यास पाठविण्यासाठी उत्तराचा खर्डाही तयार केला होता: वर्ग नको असेल तर मैदानही मागू नये.

तो खर्डा आम्ही पाठविला नाही, याचे एक कारण पुढील वाचनात सापडले. अमेरिकेच्या जनगणना विभागाने कोरोना काळात घेतलेल्या पाहणीत, २०२० च्या वसंत ऋतूत शाळकरी मुले असलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी ३.३ टक्के कुटुंबे मुलांना घरी शिकवीत असल्याचे आढळले होते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूपर्यंत हे प्रमाण १६.१ टक्क्यांवर गेले. सर्व समाजांच्या एकत्रित प्रमाणापेक्षा ही वाढ कितीतरी अधिक होती. साथीचे भय हे एक कारण होतेच. परंतु अनेक कृष्णवर्णीय मातापित्यांनी दुसरेही सांगितले: वर्गात आमच्या मुलास लवकर शिक्षा होते, त्याच्याकडून अपेक्षाच कमी ठेवली जाते, आणि पाठ्यपुस्तकात त्याचा इतिहास दोन पानांत आटोपतो.

आम्हांस थांबावे लागले. दाराबाहेरची दोन मुले दुरून सारखीच दिसतात. एकास त्याच्या आईवडिलांनी इतरांच्या संगतीपासून दूर ठेवलेले असते. दुसऱ्याच्या आईने त्याला अपमानापासून वाचविण्यासाठी घरी नेलेले असते. संध्याकाळी दोघेही चेंडू घेऊन मैदानाच्या दाराशी आले, तर शिक्षकाने कोणत्या खुणेवरून निवड करावी? हेतूची परीक्षा घेण्याचा अधिकार शिक्षकास दिला, तर तो अधिकार उद्या कोणाविरुद्ध वापरला जाईल, हे आम्हांस इतिहासानेच शिकविले आहे.

येथे आपल्याच इतिहासातील एका खेळाडूची आठवण होते. पळवणकर बाळू हे चर्मकार कुटुंबात जन्मलेले थोर गोलंदाज. पुण्यास गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची राखण करताना ते साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. हिंदूंच्या संघास त्यांच्या हातातील फिरकीची गरज होती, म्हणून त्यांना संघात घेतले. परंतु चहाच्या वेळी ते मंडपाबाहेर उभे असत आणि त्यांचा चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. बाळू यांनी १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसतर्फे उभे राहून पराभव पत्करला, हे आम्ही विसरलेलो नाही. राजकारणातील तो मतभेद त्यांच्या गोलंदाजीची थोरवी कमी करीत नाही.

बाळूंच्या आयुष्यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. मैदानात प्रवेश मिळाला म्हणजे समता मिळाली असे होत नाही. मंडपातील कपाचा प्रश्न उरतोच. परंतु मैदानाचे दार किलकिले झाले नसते, तर मंडपाचा प्रश्न कोणी विचारलाच नसता. एकत्र खेळणाऱ्यांना एकमेकांस शिवावे लागते. कबड्डीत तर शिवल्यावाचून बहुतेक गुण मिळतच नाहीत. घरात कोणत्या का समजुतीत वाढलेले मूल असेना, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या वर्णाच्या मुलाच्या घामाने ओला झालेला चेंडू त्याने हाती घेतला, म्हणजे त्या समजुतीला पहिला तडा जातो. ज्या मुलास इतरांपासून दूर ठेवले आहे, त्याला मैदानावर येऊ देणे हे आमच्याच विचारांच्या हिताचे आहे.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगितल्याखेरीज हा लेख प्रामाणिक ठरणार नाही.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्ही ज्या परिसरात शिकवितो, तेथून मैलभरावर दगडाची खाण आणि खडी फोडण्याचे यंत्र आहे. खाणीवर परजिल्ह्यातून आलेली कुटुंबे पाले ठोकून राहतात. तेथील बारा वर्षांचा एक मुलगा रोज संध्याकाळी आमच्या मैदानाच्या कडेला येऊन बसे. कडेवर धाकटी बहीण असे. हळूहळू तो बहिणीला कडुनिंबाखाली बसवून मुलांत खेळू लागला. पंधरवड्यात आमच्या लक्षात आले की, त्याच्यासारखी चढाई चौदा वर्षांखालील आमच्या संघात एकाचीही नाही. मध्यरेषा ओलांडून तो आत शिरला की, पकड करणाऱ्यांचे हात हवेत राहत.

तालुक्याच्या शालेय स्पर्धा आठवड्यावर आल्या. क्रीडाशिक्षकांनी विचारले, “सर, याचं नाव घालायचं का?” प्रवेशिकेत विद्यार्थ्याचा नोंदवही क्रमांक लिहावा लागतो, या मुलाचे नाव कोणत्याच पटावर नव्हते. एका सहकाऱ्याने सुचविले की, आजारी असलेल्या दुसऱ्या मुलाच्या नावावर याला उतरवावे. आम्ही स्पष्ट नकार दिला. खोट्या नावाने मूल खेळविणे म्हणजे त्याला पहिलाच धडा खोटेपणाचा देणे. तो नकार योग्यच होता, असे आम्ही आजही म्हणू.

परंतु आम्ही तेथेच थांबलो, ही आमची चूक. स्पर्धेच्या दिवशी सकाळी बारा मुलांना घेऊन टेंपो निघाला, तेव्हा तो मुलगा बहिणीला कडेवर घेऊन तारेपाशी उभा होता. एका मुलाने त्याला हात केला. त्याने हात केला नाही. संघ दुसऱ्याच फेरीत हरला. त्याचे आम्हांस फारसे वाटले नाही. दिवाळीनंतर ते पाल उठले. कुटुंब दुसऱ्या खाणीवर गेले, एवढेच कळले.

पुढे एका प्रशिक्षणासाठी बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा आम्ही पुन्हा नीट वाचला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे चौथे कलम सांगते की, कधीच शाळेत न गेलेल्या सहा ते चौदा वर्षांच्या मुलास त्याच्या वयानुरूप वर्गात दाखल करावे आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे. चौदावे कलम सांगते की, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. पंधरावे कलम वर्षाच्या मध्यावरही प्रवेश द्यावा असे सांगते. आमच्या निवासी तुकड्यांत जागा नव्हती, हे खरे. परंतु गावातील जिल्हा परिषदेची शाळा चालत दहा मिनिटांवर होती. त्या मुलाचा हात धरून तेथवर जाण्यास कोणी आडकाठी केली नव्हती. क्रीडास्पर्धेचा नियम आम्हांस पाठ होता. शिक्षणाचा कायदा आठवला नाही. तो मुलगा खेळाडू म्हणून आम्हांस दिसला. विद्यार्थी म्हणून दिसला नाही.

या प्रसंगाने टेक्सासच्या प्रश्नाकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. तेथील मुलास वर्ग उपलब्ध आहे आणि पालकांना तो नको आहे. येथील मुलास वर्ग हवा होता, हेसुद्धा त्याला कोणी विचारले नाही. दोन्ही मुले एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. तरीही शिक्षकापुढे दोन्हीकडे एकच कसोटी आहे. मूल दाराशी आले आहे. नियम दाखवून त्याला परत पाठवावयाचे, की नियमाच्या आत राहून त्याला आत घेण्याची वाट शोधावयाची?

म्हणून आमच्या विद्यार्थ्यास आमचे उत्तर असे आहे. घरी शिकणाऱ्या मुलांना शाळेच्या मैदानावर येऊ द्यावे. परंतु सवलत म्हणून नव्हे, समान अटींवर. ज्या शाळेच्या हद्दीत मूल राहते, त्याच शाळेतून त्याने खेळावे. टिबो यांच्या बाबतीत आई मुलासह खास दुसऱ्या परगण्यात राहावयास गेली होती; नामांकित संघ शोधीत घरे बदलण्याची वाट ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनाच परवडते. अभ्यासाची परीक्षा त्रयस्थाने घ्यावी. टेक्सासच्या कायद्याने तशी प्रमाणित चाचणी आवश्यक केली आहे, आणि ते योग्यच आहे. जो नियम वर्गातील मुलास नापास झाल्यावर बाहेर बसवितो, तो यालाही लागू असावा. शाळेस त्याच्यासाठी येणारा खर्च शासनाने द्यावा. तो वर्गातील मुलांच्या वाट्यातून काढू नये.

राहिला तुझ्या कन्येच्या जागेचा प्रश्न. तो लहान नाही. परंतु समान अटींवर आलेल्या मुलीने निवड चाचणीत तिला मागे टाकले, तर ती हार खेळातील हार आहे. उद्या वर्गात नवी मुलगी दाखल झाली असती तरी हेच घडले असते. अमेरिकेत १९७२ मध्ये मुलामुलींत भेद न करण्याचा कायदा झाला, त्या वेळी शालेय संघांत तीन लाखांहूनही कमी मुली खेळत होत्या. आज त्या तीस लाखांहून अधिक आहेत. तेव्हाही मुलांच्या जागा आणि पैसा कमी होईल अशी ओरड झाली होती. तुझी कन्या आज कोर्टवर आहे, ती त्या ओरडीपुढे कायदा नमला नाही म्हणून. जागा अपुऱ्या असतील तर दुसरा संघ काढा, असा आग्रह शाळा मंडळापुढे धर. दार लावून घेण्याच्या मागणीवर मात्र सही करू नकोस. ज्यांच्या आजोबांना दाराबाहेर बसविले होते, त्यांची सही तेथे शोभत नाही.

आता विद्यार्थी मित्रहो आणि सहकारी बंधुभगिनींनो, आपल्याविषयी.

शालेय क्रीडास्पर्धेचे प्रमाणपत्र आपल्या राज्यात केवळ भिंतीवर लावण्याची वस्तू राहिलेली नाही. त्यावर दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव गुण मिळू शकतात. पुढे उच्च पातळीवर कामगिरी केली तर शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के राखीव जागांची वाट उघडते. ज्या मुलाचे नाव पटावर नाही, त्याला ही वाट पहिल्याच पायरीवर बंद होते. म्हणून आमच्या तीन सूचना आहेत, आणि या वर्षात संस्थेने त्यांचा विचार करावा, अशी विनंती आहे.

पहिली, रोज सायंकाळी दोन तास आपले मैदान परिसरातील सर्व मुलांना खुले असावे. मग ती वस्तीवरची असोत, खाणीवरची असोत वा बंगल्यांतील इंग्रजी शाळेची. दुसरी, मैदानाच्या दाराशी एक वही ठेवावी. खेळावयास येणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि शाळा तीत लिहावी. जेथे शाळेचा रकाना रिकामा राहील, तेथे आठ दिवसांच्या आत आपल्यापैकी एका शिक्षकाने त्या मुलाच्या घरी जावे आणि त्यास जवळच्या शाळेत दाखल करून यावे. तिसरी, खाण, वीटभट्टी वा ऊसतोड यांमुळे जे मूल मध्येच गाव सोडते, त्याच्या हाती निघताना हस्तांतरण दाखला असावा, याची काळजी घ्यावी. म्हणजे पुढच्या गावातील शिक्षकास निदान त्याचे नाव तरी कळेल.

या वहीचे काम प्रथम आमच्याकडे द्यावे, अशी आमची इच्छा आहे. निवृत्तीस अद्याप काही वर्षे आहेत. तो मुलगा आता बावीस-तेवीस वर्षांचा असेल. कोठे असेल ते आम्हांस ठाऊक नाही. त्याचे आडनावसुद्धा आम्ही कधी लिहून घेतले नव्हते. यापुढे मैदानावर येणाऱ्या मुलाच्या बाबतीत तेवढे तरी होऊ नये.